१६० इंच शिलाई

१ जून १९४१ हा रविवार होता. ब्रिटनच्या व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन सकाळी रेडिओवर आले आणि आजपासून कपडे फक्त कूपनांवर मिळतील, असं त्यांनी देशाला सांगितलं. आधी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बातमी फुटली असती तर दुकानं एका दिवसात रिकामी झाली असती. कपड्यांची वेगळी कूपनंसुद्धा लोकांच्या हाती दिलेली नव्हती. शिधापुस्तकातली मार्गारिनची कूपनं सुरुवातीला त्या कामी चालवली. प्रत्येकाला वर्षाला ६६ कूपनं. लोकरी झग्याला ११, सुती किंवा रेयॉनच्या झग्याला ७, ब्लाउजला ५, बायकांच्या बुटांच्या जोडीला ५, पायमोज्यांना २. पैसे वेगळे द्यायचेच. पुढच्या वर्षी ही संख्या ४८ वर आली, नंतर ३६ वर, आणि युद्ध संपल्यावरच्या आठ महिन्यांत तर २४ वर. कपड्यांचं रेशनिंग उठलं ते १५ मार्च १९४९ ला.

आज इंग्लंड-अमेरिकेत आणि इतरही अनेक देशांत घरी बसून १९४० च्या दशकातले झगे शिवणाऱ्या, त्याच काळचे आखूड, अंगाबरोबरचे स्वेटर विणणाऱ्या असंख्य बायका आहेत, काही पुरुषही आहेत. त्यांच्याकडे पाहताना मला ही कूपनं आधी आठवतात. त्या कपड्यांची रेषा कुणा एका कलावंताच्या डोक्यातून उतरलेली नव्हती. त्यात टंचाईचा मोठा वाटा होता, सरकारी हुकमाचा होता, आणि घरोघरी कात्री धरणाऱ्या हातांचाही. असा एखादा कपडा स्वतः बेतून पाहिल्याशिवाय हे नीट उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे. संग्रहालयाच्या काचेतून शिवण दिसते, पण ती तिथेच का घातली हे दिसत नाही.

१९४२ चे नियम पाहा. विक्रीसाठीच्या झग्याला जास्तीत जास्त दोन खिसे, पाच बटणं, घेराला सहा जोड, दोन पेटीच्या चुण्या किंवा चार साध्या चुण्या, आणि संपूर्ण झग्यात मिळून १६० इंच शिलाई. शोभेसाठी म्हणून काहीही लावायचं नाही. पुरुषांच्या विजारींच्या खालच्या दुमडी बंद झाल्या, आणि त्यावर पुरुषांनी फारच कुरकुर केली. या चौकटीत चांगलं काय होऊ शकतं हे दाखवण्यासाठी लंडनच्या नामवंत वेशकारांना बोलावलं गेलं. नॉर्मन हार्टनेल राजघराण्याचे कपडे करणारे. हार्डी एमीज, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबेल हेही होते. त्यांनी केलेले नमुने व्यापार मंडळाने १९४२ मध्येच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिले. ते अजून तिथे आहेत. सरकारी योजनेतून निघणाऱ्या कपड्यांवर 'सीसी ४१' असा शिक्का असे. तो रेजिनल्ड शिप यांनी काढला होता, आणि दोन 'सी' चिजच्या कापलेल्या चकत्यांसारखे दिसत म्हणून लोक त्याला चीजच म्हणत.

या नमुन्यांचे फोटो पाहिले की काटकसर आधी नजरेत भरतच नाही. चौकोनी खांदे, नेमकी कंबर, गुडघ्याच्या जरा खाली थांबणारा घेर. घेर थोडा आहे, पण जिथे पाऊल टाकायला हवा तिथेच चुणी आहे. पाचच बटणं, मग ती मोजून समोर आणलेली. इथे एक सांगायला हवं. रुंद खांद्यांचं श्रेय युद्धाला देणं बरोबर नाही. ते तिशीच्या दशकातच आलेले होते. युद्धाने काय केलं, तर त्या खांद्यांखालचं सगळं फालतू कापड काढून घेतलं.

आता घरी शिवणाऱ्या बाईचा हिशेब. ३६ इंच पन्ह्याच्या सुती कापडाला वाराला दोन कूपनं, लोकरीला तीन. साध्या झग्याला तीन वार धरले तर सुती कापडाची सहा कूपनं झाली, आणि तयार झगा होता सातचा. एकाच कूपनाची बचत! लोकरीत दोनाची. म्हणजे नवं कापड आणून शिवण्यात फार काही हाती लागत नव्हतं. खरी बचत होती ती जुन्यातून नवं करण्यात, कारण त्याला कूपन नव्हतं. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावायचं काळं कापडही कूपनाशिवाय मिळे. मग नवऱ्याच्या सुटाचा बायकोचा सूट झाला, दोन विटलेल्या झग्यांचा एक दुरंगी झगा झाला. त्या काळच्या अनेक झग्यांत छातीवरचा भाग एका कापडाचा आणि बाकीचा दुसऱ्या कापडाचा दिसतो. आज ती शैली म्हणून नकलली जाते, पण बगलेत आणि खांद्यावर विरलेलं कापड काढून टाकण्याची ती सरळ युक्ती होती. १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' ही सरकारी पुस्तिका निघाली. तिच्यात रफू, ठिगळ, उसवणं, उलटवणं यांचे धडे होते. तिच्या जोडीला जाहिरातींत 'मिसेस सू-अँड-सू' नावाची एक बाहुली येई.

पुस्तिकेबद्दल आज फार गोड बोललं जातं. मला ते पटत नाही. ज्या घरांत पहिल्यापासून ठिगळाला ठिगळ लावून चालत होतं, त्या बायकांना काटकसरीचे धडे सरकारकडून घ्यायची गरज नव्हती. आणि कूपनं सगळ्यांना सारखी असली तरी ज्यांच्याकडे कपाटं भरलेली होती त्यांना उलटवायला, उसवायला सामानही भरपूर होतं. टंचाईची झळ सारखी नसते. आपल्याकडे तर त्याच युद्धात गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं, भाव भडकले, आणि जून १९४३ मध्ये सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. गिरणीतून निघणाऱ्या कापडावर किमतीचा शिक्का मारणं सक्तीचं झालं. मुंबईचं कापड आणि लंडनचा झगा, दोन्हींवर त्या वर्षांत सरकारचा शिक्का होता. बंगालमध्ये दुष्काळामागून कापडाचीही टंचाई आली, आणि अंगभर वस्त्र नाही म्हणून बायकांना घराबाहेर पडता येईना. जुन्या फॅशनचं कौतुक करताना हे नजरेआड करू नये.

या विषयाकडे मी वळले ते विणकामामुळे. माझी मामेबहीण ठाण्याहून लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिथल्या जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत चार पानी विणकामाची पत्रकं मिळतात, ती तिने जमवली आणि त्यातली काही मला पाठवली. वर हसऱ्या बाईचा फोटो, आत बारीक टायपात सगळी कृती. एका पत्रकातला स्वेटर सहा औंस लोकरीत होतो. दोन औंसांना एक कूपन हा दर धरला तर तीन कूपनं. सहा औंस म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. आजच्या एका जाड स्वेटरला याच्या दुप्पट-तिप्पट लोकर लागते.

एवढ्या थोड्या लोकरीत पूर्ण स्वेटर कसा बसतो? तीन गोष्टींमुळे. लोकर तीनपदरी, अगदी बारीक. लांबी कंबरेपर्यंतच, कारण खालचा घागरा किंवा विजार खऱ्या कंबरेवर बसे. आणि माप अंगाबरोबर, कधी अंगापेक्षाही कमी. कंबरेला तीन-साडेतीन इंचांची एक सुलट एक उलट अशी पट्टी, ती बारीक सुयांवर. मग जाड सुया घेऊन बाजूंनी टाके वाढवत छातीपर्यंत जायचं. बाहीचा माथा गोल न उतरवता भरपूर रुंद ठेवायचा आणि शेवटी चुण्या घालून मुंढ्यात बसवायचा, म्हणजे फुगा उभा राहतो. आत लहानशी गादी. खांदा आणि फुगा यांनी वरचा भाग रुंद दिसतो आणि खालची पट्टी कंबर आवळून धरते.

वीण मात्र हाताची परीक्षा पाहते. इंचाला सात-साडेसात टाके. ३४ इंच छातीला इंचाला सात टाके म्हणजे २३८, पुढे-मागे ११९-११९. ही पत्रकं बहुतेक ३२ किंवा ३४ छातीसाठी लिहिलेली असतात; दुसरं माप सहसा दिलेलं नसतं. ४० छातीची बाई विणायला बसली तर तिला २८० टाके हवेत, प्रत्येक बाजूला १४०. नक्षी आठ टाक्यांची असेल तर १४० ला आठाने भाग जात नाही, मग १३६ की १४४ हे तिनेच ठरवायचं. मुंढ्याला किती टाके बंद करायचे, खांद्याला किती उरले पाहिजेत, सगळं नव्याने मांडायचं. वहीत आकडेमोड करत, वीतभर नमुना विणून तो धुऊन मोजत हे काम पुढे सरकतं. मला यात फार आनंद मिळाला, आणि तो आनंद स्वेटर अंगात घालण्याइतकाच मोठा होता.

यात मराठी विणणारीला एक सोय आपोआप मिळालेली आहे. जुन्या इंग्रजी पत्रकांत सुया १०, १२, १४ अशा नंबरांच्या असतात. नंबर वाढला की सुई बारीक. इंग्लंडमध्ये आता मिलिमीटर आले आणि तिथल्या तरुण मुलींना हे नंबर कोष्टकात पाहावे लागतात. आपल्या दुकानात मात्र आजही 'दहा नंबरच्या द्या' म्हटलं की सव्वातीन मिलिमीटरच्या सुया समोर येतात. चौदा नंबर म्हणजे दोन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार. आजीच्या डब्यातल्या सुयांनी १९४२ च्या पत्रकातला स्वेटर सरळ विणता येतो.

लोकरीचं तसं नाही. आपल्या बाजारात बहुतेक गुंड्या ॲक्रिलिकच्या आहेत. ॲक्रिलिक धुवायला सोपं, टिकाऊ, बाळाच्या टोपड्याला उत्तम. पण या स्वेटरचा सगळा घाट विणून झाल्यावर ओला करून, मापाला ताणून वाळवण्यात आहे, आणि ते खरी लोकरच मानते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की त्याची वीण कायमची चपटी होते. युद्धकाळातल्या बायका जुना स्वेटर उसवून लोकरीच्या लडी करत, त्या धूत, खाली वजन बांधून वाळवत, म्हणजे धाग्यातल्या मोडी निघून जात. लोकर होती म्हणूनच ते जमत होतं. पट्ट्यापट्ट्यांचे आणि रंगीत नक्षीचे स्वेटर तेव्हा एवढे का आवडते झाले, त्याचंही एक उत्तर इथेच आहे: कुठल्याच एका रंगाची लोकर पुरेशी नसे.

शिवणाची गोष्ट थोडी निराळी. तिथे कागदी नमुना मध्ये येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये मापवार कागदी नमुने विकायला सुरुवात केली आणि घरी शिवणारीला तयार बेत मिळू लागला. मॅक्कॉल, व्होग, सिंप्लिसिटी या कंपन्या मागून आल्या. जुना नमुना उघडला की नवख्या माणसाला धक्का बसतो. पुष्कळ नमुन्यांत पातळ कागदावर एक अक्षर छापलेलं नसतं, नुसती भोकं. कुठे मोठं, कुठे लहान, कुठे एका ओळीत तीन.

असाच एक नमुना घेऊन मी सदाशिव पेठेत घरी शिवणवर्ग चालवणाऱ्या एका काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडाकडे धरला.

"अगं, ह्यात सगळं आहे की. ही टक्सची भोकं. ही तीन उभ्या धाग्याची. हा कापा मुंढ्याला जुळवायचा."

"पण काकू, लिहिलेलं काहीच नाही."

"लिहायचं कशाला? ज्या बायका विकत घेत होत्या त्यांना येत होतं ना!"

त्यांचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. नमुना बनवणाऱ्या कंपनीने गृहीत धरलं होतं की घेणारीला धावदोरा, उरेब पट्टी, काजं, हातशिलाई हे सगळं येतं. आजच्या नमुन्यासोबत पानंच्या पानं सूचना येतात, कारण ते गृहीत आता धरता येत नाही.

नमुन्यावर माप होतं १४. तेव्हाचं १४ म्हणजे ३२ इंच छाती. आज त्याच मोठ्या कंपन्यांच्या नमुन्यांत १४ म्हणजे ३६. नंबर पाहून कापड कापणारी फसणारच. आम्हाला हवी होती ३८. इंग्रजी पुस्तकं सांगतात की नमुना उभा-आडवा कापून फाकवा आणि मधे कागद चिकटवा. काकूंना ते मान्य नव्हतं. "छाती सहा इंच वाढली म्हणून खांदा तेवढा वाढतो का?" असं विचारून त्यांनी खाकी कागद पसरला. छातीच्या मापावरून आधी साधा बेत काढला, जसा त्या एरवी ब्लाउजचा काढतात, आणि मग जुन्या नमुन्यातली कलाकारी त्यावर उतरवली: छातीवरची जोडपट्टी, तिच्याखालच्या चुण्या, बाहीच्या माथ्याचे चार टक्स. के. आर. झारापकरांच्या बेतकामाच्या पद्धतीने शिकलेल्या पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे आहेत. छातीच्या मापाचे भाग पाडून मुंढा, गळा, खांदा काढणं त्यांच्या बोटांत बसलेलं असतं. त्या बायकांना परदेशी नमुन्याचा आकार हवा असतो, माप नव्हे. या बाबतीत आपली घरगुती शिवणारी पुष्कळ पुढे आहे, आणि हे तिला कुणी सांगत नाही.

पहिला झगा मांजरपाटाचाच करावा. कच्ची शिलाई घालून अंगावर चढवला की कळतं, पाठ कुठे ओढते, कंबर कुठे यायला हवी. खऱ्या कापडासाठी तेव्हा रेयॉनचं क्रेप फार वापरलं जाई, कारण त्याला छान पडण असते. पॉपलिनचा केला तर चुण्या ताठ उभ्या राहतात आणि सगळी मजा जाते. सुदैवाने कुर्त्यांसाठी रेयॉन हल्ली सर्रास मिळतं, मुंबईच्या मंगळदास मार्केटात आणि पुण्याच्या रविवार पेठेतही. कापण्याआधी ते भिजवून वाळवलंच पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. आपल्याकडे पन्हा ४४ इंच असल्याने जुन्या आकृतीपेक्षा कापड थोडं कमी लागतं.

झगा घालायची वाट डाव्या कुशीत असते. बगलेखालून कंबरेच्या खालपर्यंत उघडं, प्रेस बटणं किंवा हूक लावून बंद करायचं. पाठीत लांब चेन नाही. युद्धात धातू दुसरीकडे हवा होता, चेनी दुर्मीळ होत्या. आतून अस्तर नसे, ओव्हरलॉक तर घरात नव्हतंच. जोडांच्या कडा दातेरी कात्रीने कापत किंवा हाताने टाके मारून बांधत. मात्र प्रत्येक जोड शिवल्याबरोबर उघडून इस्त्री केलेला असे. हौशी शिवणकाम आणि सफाईदार शिवणकाम यांतलं अंतर मला यंत्रापेक्षा या इस्त्रीत जास्त दिसलं.

१२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिस्तियन दिओर यांनी पॅरिसमध्ये भरगच्च घेराचे झगे दाखवले आणि जगाची नजर तिकडे वळली. ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालू होतं, तेव्हाचे व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स (तेच, १९४२ मध्ये भारतात वाटाघाटींसाठी आलेले) या उधळपट्टीवर नाराज होते. पुढचा पन्नाशीचा काळ घेरदार आहे, शिवायला सोपाही. पण मला तो तितका खेचत नाही. कापड भरपूर असताना सुंदर दिसणं अवघड नसतं.

हे ज्ञान आज टिकलं आहे ते कुणीतरी कागद जपले म्हणून. जेन वॉलर यांनी जुन्या विणकामाच्या कृती शोधून 'अ स्टिच इन टाइम' हे पुस्तक १९७२ मध्ये काढलं. सुझन क्रॉफर्ड यांच्यासह २००८ मध्ये ते आजच्या मापांत नव्याने आलं. वॉलर यांचा संग्रह साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या विंचेस्टर इथल्या विणकाम ग्रंथालयात आहे. तिथेच रिचर्ड रट यांचाही आहे. हे गृहस्थ लेस्टरचे बिशप होते आणि हातविणकामाचा इतिहास त्यांनी १९८७ मध्ये लिहिला. अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठात हजारो कागदी शिवणनमुन्यांचं दप्तर आहे. पत्रकं आणि टराटरा फाटणारे पातळ कागद, ज्यांना घरात रद्दीची किंमत होती, ते तिथे नोंद करून ठेवले आहेत.

आपल्याकडे काय आहे? चाळीसच्या आगेमागे काढलेल्या घरगुती फोटोंत नऊवारी-पाचवारीवर फुग्याच्या बाह्यांची पोलकी दिसतात. ती बहुतेक घरी किंवा गल्लीतल्या शिंप्याकडे बेतलेली. चुण्या किती, फुगा किती, आत बकरम होतं की नाही, हे फोटोवरून सांगता येत नाही. पाठीवर जोड कुठे होता, तेही नाही. पोलकी जुनी झाली की त्यांची दुपटी झाली, दुपट्यांची पायपुसणी. छापील नमुने आपल्या बायकांनी फारसे वापरले नाहीत, खाकी कागदावर किंवा वर्तमानपत्रावर बेत काढले आणि ते ट्रंकेच्या तळाशी घातले. विणकामाच्या वह्या होत्या, शेजारणीकडून उतरवलेल्या: किती टाके घालायचे, कितव्या ओळीला जाळी. त्यांतल्या पुष्कळ आज घर बदलताना रद्दीत जातात.

म्हणून ही विनंती. या दिवाळीत माळा-ट्रंका उघडाल तेव्हा कागदाचे बेत, मापांच्या चिठ्ठ्या, विणकामाच्या वह्या बाजूला काढा. आईचं, आजीचं एखादं पोलकं, कुंची, हाताने विणलेला बंडी-स्वेटर सापडला तर तो सपाट पसरून आतून-बाहेरून फोटो काढा, टेपने मापं घ्या, टाके इंचाला किती ते मोजा आणि कुणी, कुठे, साधारण कोणत्या साली केला हे त्याच्यासोबत लिहून ठेवा. ज्या मावशी-काकूंना अजून आठवतं आहे त्यांना विचारायचं काम पुढच्या वर्षावर टाकू नका.